रविवार कुणाचा, विणकाम कुणाचं

चेन्नईत कुणाच्या घरी लोकरीचे गुंडे दिसले, की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "इथे स्वेटर लागतो कुणाला?" प्रश्न रास्त आहे. मार्गळी महिन्यात पहाटेचं तापमान वीस-एकवीस अंशांवर उतरतं आणि मैलापूरच्या रस्त्यांवर कानटोप्या घातलेले आजोबा फिरताना दिसतात. इथल्या थंडीचा सोहळा तेवढाच. तरीही आमच्या घरात चौघं विणतात. आई नाशिकहून आमच्याकडे राहायला आली ती सुया घेऊनच. तिच्याकडून मी शिकले, माझ्याकडून मुलगी, आणि टाळेबंदीत कंटाळून नवरा. शनिवारी संध्याकाळी एका खोलीत बसून आम्ही विणतो आणि रविवारी बाहेर पडतो : मरीना, अड्यार, एग्मोरचं संग्रहालय, कधी महाबलीपुरम. विणलेलं सगळं नाशिक-पुण्याकडे किंवा परदेशातल्या भाचरांकडे जातं.

रविवारी कुटुंबानं फिरायला जाणं आणि घरात बसून विणणं या गोष्टी इतक्या सवयीच्या आहेत, की त्यांना इतिहास असेल असं सहसा वाटत नाही. तो आहे, आणि त्याचे बरेचसे धागे आमच्या रविवारच्या वाटेवरच सापडतात.

भाषांतराच्या धंद्यामुळे मला आधी शब्द दिसतात. मराठीत आपण साडी विणतो, स्वेटर विणतो, जाळं विणतो आणि खाटही विणतो. हातमाग आणि दोन सुया यांच्यात आपली भाषा फरक करत नाही. तमिळ करते. मागावरच्या विणण्याला तिथे 'नेसवु' म्हणतात आणि सुयांवरच्या विणण्याला 'पिन्नल'. पिन्नल म्हणजे वेणीसुद्धा. कारागिरीच्या दृष्टीनं तमिळ विभागणी नेमकी आहे. मागावर उभे आणि आडवे असे धाग्यांचे दोन संच लागतात. सुयांवर एकच धागा असतो, तो स्वतःच्याच फासातून पुढे जातो, म्हणून एक टोक ओढलं की सगळं उसवतं. मराठीची गंमत वेगळीकडे आहे. विणकामाच्या मराठी नमुन्यांत ओळीलाच 'सुई' म्हणतात : पहिली सुई सुलट, दुसरी सुई उलट. हत्याराचं नाव मोजमापाला मिळालं. मात्र त्या सुयांमागे किती तास गेले, हे मोजणारा शब्द कुठल्याच नमुन्यात नसतो. पुढे जे लिहिते आहे ते या न मोजलेल्या तासांविषयी आहे.

रविवारचे तास मात्र मोजून, भांडून मिळवलेले आहेत, आणि त्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांना हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती. २४ एप्रिल १८९० रोजी झालेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१च्या फॅक्टरी कायद्यानं आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचा आधार दिला. त्याच कायद्यानं स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. ती मर्यादा गिरणीच्या फाटकाच्या आतली होती. फाटकाबाहेर, चुलीपुढे, किती तास जात होते याच्याशी कायद्याचा संबंध नव्हता.

मद्रासला फिरायची जागा वरून मिळाली आणि फिरायला लागणारी फुरसत खालून. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी १८८०च्या दशकात समुद्राकाठचा रस्ता बांधून घेतला आणि सिसिलीतल्या पालेर्मोच्या आठवणीवरून त्याला 'मरीना' हे नाव दिलं. हवा खायला येणारे गोरे साहेब आणि त्यांच्या बग्ग्या हे त्या रस्त्याचं पहिलं गिऱ्हाईक. पुढे १९१८ साली बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांतून मद्रास लेबर युनियन उभी राहिली. १ मे १९२३ रोजी सिंगारवेलर यांनी याच शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर देशातला पहिला कामगार दिन साजरा केला. आज मरीनावर देवीप्रसाद रॉय चौधरी यांचं १९५९ सालचं 'श्रमाचा विजय' हे शिल्प आहे. चार पुरुष अंगातलं सगळं बळ लावून एक अवजड शिळा हलवत आहेत. रविवारी संध्याकाळी त्याच्या पायथ्याशी भेळ-सुंडल खाणाऱ्या कुटुंबांची गर्दी असते. शिल्प मला आवडतं. पण त्यात बाई नाही, आणि १८९०च्या त्या सभेत दोन तरी होत्या, हे प्रत्येक वेळी लक्षात येतं.

याच रस्त्यावर आणखी एक पुतळा आहे, रॉबर्ट कॉल्डवेलचा. १९६८च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी तो उभारला गेला. तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याला कॉल्डवेल टाळता येत नाही. द्रविड भाषांचं स्वतंत्र कुळ त्यानं १८५६ साली आपल्या तौलनिक व्याकरणात सविस्तर मांडलं. एम.ए.ला असताना मी त्याला फक्त वैयाकरण म्हणून ओळखत होते. चेन्नईला आल्यावर, लेस आणि विणकाम यांच्याविषयी वाचताना, त्याचं घर भेटलं.

तिरुनेलवेलीच्या दक्षिणेला, तांबड्या वाळूच्या टापूत, इडैयनगुडी नावाचं गाव आहे. कॉल्डवेल तिथे कित्येक दशकं राहिला. १८४४ साली त्याचं लग्न एलायझा मॉल्टशी झालं. तिचे आईवडील लंडन मिशनरी सोसायटीतर्फे नागरकोविलला आलेले, त्यामुळे तमिळ तिच्या कानावर लहानपणापासून होती. नागरकोविल तेव्हा त्रावणकोर संस्थानात होतं. तिची आई मार्था मॉल्ट हिनं १८२०च्या सुमाराला तिथल्या मुलींच्या शाळेत लेस विणायला शिकवलं. गादीवर टाचण्या टोचून, दोऱ्याच्या लहान लहान रिळांची आलटापालट करत विणायची ही युरोपीय लेस. एलायझानं तीच कला इडैयनगुडीला नेली आणि तिथे मुलींची शाळा चालवली. नवरा भाषांची कुळं लावत होता, तेव्हा बायको मुलींना धागा धरायला शिकवत होती. पुतळा व्याकरणाचा झाला.

त्या लेसला मोल होतं, अक्षरशः. युरोपीय घरांत ती विकली जाई आणि पैशांतून शाळा चालत. दास्यात जन्मलेल्या काही मुलींनी या कमाईतून आपली सुटका विकत घेतल्याचं मिशनचे इतिहास सांगतात. त्रावणकोरात गुलामगिरी कायद्यानं बंद झाली ती १८५५ साली, त्यामुळे या वाक्यात अलंकार नाही. दुसरी गोष्ट त्याहून बोचणारी आहे. या भागातल्या नाडार स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकायला मनाई होती. धर्मांतरित स्त्रिया अंग झाकू लागल्या तेव्हा रस्त्यांवर, बाजारांत त्यांची वस्त्रं फाडली गेली. हा संघर्ष अनेक दशकं चालला. १८५९ साली त्रावणकोरच्या राजानं नाडार स्त्रियांना अंग झाकायची मोकळीक दिली, तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखं वस्त्र घेता येणार नाही या अटीवर. म्हणजे परक्या बायकांच्या गळ्याभोवतीची नाजूक झालर ज्या गावांत विणली जात होती, तिथल्याच बायकांना स्वतःच्या अंगावर कापड घेण्यासाठी मार खावा लागत होता.

मराठी मुलखातही सुईदोरा शाळेतून आणि संस्थांमधून घरात शिरला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात शिवणकाम शिकवलं जाई ते बाईला चार पैसे मिळवता यावेत म्हणून. विधवा, परित्यक्ता यांच्यासाठी ते पोटाचं साधन होतं. पण मध्यमवर्गीय घरात स्थिरावल्यावर सुयांचा हिशेब बदलला. बाळंतविड्यातलं टोपडं, कुंची, पायमोजे ही आजी-मावशीची माया झाली. शाळेत मुलींना विणकाम शिकवलं जाई ते सुगृहिणीचं लक्षण म्हणून. १९६२च्या चीन युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, ते देशप्रेम झालं. एरवी घरात त्याला एक ठेवणीतला शब्द होता : चाळा. "हाताला काहीतरी चाळा हवा ना." माझी आई अजून असंच म्हणते. चार माणसांचं जेवण आवरून, डाळ-तांदूळ निवडून, दुपारी दोन ते चार या वेळात तिनं जे शेकडो स्वेटर विणले, ते तिच्या स्वतःच्या लेखी काम नव्हतंच.

अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात प्रसिद्ध वटवृक्ष आहे. त्याचं मूळ खोड १९८९च्या वादळात कोसळलं, पण पारंब्यांवर झाड उभं आहे. रविवारच्या फेऱ्यांत मुलीची ही आवडती जागा. वडाला इंग्रजीत 'बनियन' म्हणतात. किनाऱ्यावरचे गुजराती वाणी या झाडाखाली बसून व्यापार करत, त्यांच्यावरून हे नाव पडलं. आपण अंगात घालतो ते बनियनही त्याच वाण्यांकडून इंग्रजीतून फिरून आलेलं. आधी त्या नावाचा ढगळ झगा होता, मग आतला सदरा झाला. तमिळमध्येही ते 'पनियन'च आहे आणि त्याचं गाव तिरुपूर.

तिरुपूरच्या उद्योगाला तमिळमध्ये 'पिन्नलाडै' म्हणतात, म्हणजे वेणीसारखं गुंफलेलं वस्त्र. १९२०च्या दशकात तिथे पहिली यंत्रं आली. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून माल युरोपात जाऊ लागला. भिंग धरून टी-शर्टचं कापड पाहा : आई घालते तोच सुलट टाका, कितीतरी बारीक. त्या यंत्रांना सूत पुरवणाऱ्या आसपासच्या जिल्ह्यांतल्या सूतगिरण्यांत मुलींना कामाला घेण्याची एक पद्धत या शतकाच्या सुरुवातीला खूप गाजली. तिचं नाव 'सुमंगली'. सुमंगली म्हणजे आपली सवाष्ण. खेड्यातल्या गरीब, बहुतेक दलित घरांतल्या अविवाहित मुलींनी साधारण तीन वर्षं गिरणीच्या वसतिगृहात राहून काम करायचं, आणि मुदत पूर्ण झाली की लग्नासाठी एकरकमी पैसे घ्यायचे. मधेच सोडलं, आजारी पडलं, की ती रक्कम बुडण्याची भीती. बाहेर जाण्यावर पहारा. मुलीला तिचाच हुंडा तिच्याकडून कमावून घेणाऱ्या या व्यवस्थेला सौभाग्याचं नाव द्यायला भाषा कमी पडली नाही. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार शंभर वर्षांनंतरही फाटकाशी अडून राहू शकतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं.

म्हणून घरात बसून एकत्र विणणं मला निरागस वाटत नाही आणि ते सोडावंसंही वाटत नाही. याच शहरात त्याचं एक वेगळं रूप पाहायला मिळालं. सुभश्री नटराजन यांनी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' नावाचा गट सुरू केला. घरोघरच्या बायकांनी क्रोशाचे तुकडे विणायचे आणि ते जोडून एक पांघरूण करायचं. ३१ जानेवारी २०१६ रोजी ते चेन्नईत अंथरलं गेलं. मोजलेलं क्षेत्रफळ ११,१४८.५ चौरस मीटर. गिनीज बुकात त्याची जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं पांघरूण म्हणून नोंद झाली. विक्रमांचं मला फारसं कौतुक नाही. पण हा आकडा मराठी मापात मांडला तर पावणेतीन एकर होतो. पावणेतीन एकर दुपारी. चाळा म्हणून घालवलेला वेळ एकदा तरी जमिनीवर पसरून, फूटपट्टी लावून मोजला गेला.

आमच्या घरात अलीकडे एक बदल झाला आहे. मुलगी आठवीत आहे. विणून झालेल्या प्रत्येक वस्तूला ती एक चिठ्ठी लावते : कुणी विणलं, लोकर किती लागली आणि तास किती गेले. सुरुवातीला आईला हे मुळीच पटलं नव्हतं. मायेचा कसला हिशेब मांडायचा, म्हणाली. मागच्या महिन्यात पुण्याला गेलेल्या बाळंतविड्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : टोपडं, कुंची, पायमोजे. एकतीस तास. खाली तिनं नाव घातलं होतं, आणि नावापुढे पहिल्यांदाच 'आजी' लिहिलं नव्हतं. पूर्ण नाव होतं, आडनावासकट.