स्मृति-सीमोल्लंघनाचे संकलनकालीन निदान

स्मृति-सीमोल्लंघनाचे संकलनकालीन निदान : सी भाषेतील आज्ञावलीने नेमून दिलेल्या स्मृतिखंडाबाहेर (बफरबाहेर) मजकूर लिहिण्याचा दोष, आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर होत असतानाच ओळखण्याची पद्धती. हे रूपांतर करणाऱ्या साधनास संकलक किंवा कंपायलर म्हणतात.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी भाषा घडविली. तीत मजकुराची लांबी वेगळी नोंदविली जात नाही. शून्यमूल्याचा शेवटचा बाइट हीच अंताची खूण असते. स्ट्रकॉपी हे फंक्शन ती खूण येईपर्यंत नक्कल करीत राहते. जागा किती उरली, हे ते पाहत नाही. उदा., ८ बाइटांच्या खंडात रोमन लिपीतील ‘सातारा’ किंवा ‘सांगली’ हे नाव अंत्य बाइटासह ७ बाइटांत मावते. भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकात प्रत्येक चिन्हास एकच बाइट लागत असल्याने देवनागरीतही ते मावे. यूटीएफ-८ संकेतनात मात्र काना, वेलांटी व अनुस्वार यांसह प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणून याच नावांना प्रत्येकी १९ बाइट हवेत. उरलेले ११ बाइट शेजारच्या स्मृतीवर लिहिले जातात.

या दोषाचे गांभीर्य २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस कृमीने उघड केले. गेट्स या फंक्शनातील उणीव हा तिचा एक मार्ग होता. (हे फंक्शन २०११ च्या मानकातून वगळण्यात आले.) २००० मध्ये डेव्हिड वॅग्नर व सहकाऱ्यांनी खंडाचा आकार आणि मजकुराची लांबी यांच्या संभाव्य मर्यादांची तुलना करून दोष शोधण्याची रीत मांडली. २००४ मध्ये याकुब येलिनेक यांनी जीसीसी संकलक व ग्लिबसी ग्रंथालय यांसाठी ‘फॉर्टिफाय सोर्स’ ही योजना आणली. तीत खंडाचा आकार ज्ञात असल्यास तपासणीयुक्त फंक्शन योजले जाते. सीमोल्लंघन निश्चित दिसल्यास संकलक इशारा देतो. २०१७ च्या जीसीसी ७ मध्ये असे इशारे अधिक व्यापक झाले. सिद्धेश पोयरेकर यांच्या कार्यामुळे २०२२ च्या जीसीसी १२ मध्ये, आज्ञावली चालू असताना ठरणारे आकारही तपासणीच्या कक्षेत आले.

तथापि वापरकर्ता कोणते नाव टंकित करील, हे संकलकास आधी कळत नाही. त्यामुळे इशारा न मिळणे म्हणजे आज्ञावली निर्दोष असणे नव्हे. लांबीची तपासणी आज्ञावलीतच करणे अपरिहार्य ठरते.