संत्र्याच्या वाटेने भूमध्य सागरापर्यंत

माघ महिना सरत आला, की सावनेर ओलांडून सौंसरच्या वाटेला लागलेल्या प्रवाशाला लोधीखेडा जवळ आल्याची वर्दी प्रथम वासाने मिळते. संत्र्याच्या बागांना अंबिया बहार आलेला असतो. चांदण्यांसारखी पांढरी, जाडसर पाकळ्यांची फुले पानांआड लपलेली असतात, आणि त्यांचा गोडसर, किंचित कडवट गंध सकाळच्या गारव्यात बांधाबांधावरून वाहत असतो. फाल्गुन लागताच याच बागांच्या पलीकडे, सातपुड्याच्या उतारावर, पळस पेटतो. एकीकडे माणसाने लाविलेली, पाणी पाजून वाढविलेली पांढरी फुले; दुसरीकडे कोणीही न लाविलेली तांबडी फुले. बाग आणि रान यांचे असे शेजार सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात दरवर्षी पाहावयास मिळते.

हेच शेजार येथून हजारो मैलांवर, भूमध्य सागरातील बेटांवरही आहे. सिसिली, माल्टा, क्रीट, कॉर्सिका या बेटांवर वसंतात फुले पाहण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी जातात. वाटाड्या त्यांना आधी जुन्या राजवाड्यांच्या बागा दाखवितो, आणि मग डोंगरकड्यांवरची रानफुले. त्या बागांत ज्या झाडाकडे तो अभिमानाने बोट दाखवितो, ते झाड बहुधा नारिंगाचे, लिंबाचे किंवा संत्र्याचे असते. लोधीखेड्याच्या शेतकऱ्याला तेथे उभे केले, तर तो म्हणेल, ‘हे तर आपलेच झाड!’ त्याचे हे म्हणणे कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी या झाडाच्या प्रवासाची वाट थोडी मागे चालून गेली पाहिजे.

लिंबूवर्गातील झाडांचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत यांच्या परिसरात असावे, असा निष्कर्ष या झाडांच्या आनुवंशिक घडणीचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी 2018 साली प्रसिद्ध केला. या कुळाचे तीन प्रमुख पूर्वज आहेत: महाळुंग, पपनस आणि संत्र्याचा मूळ वंश. मोसंबी पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून झाली. युरोपातले पिवळे लिंबू हे कडू नारिंग आणि महाळुंग यांचे अपत्य. बाजारात वेगवेगळ्या टोपल्यांत बसणारी ही फळे अशी एकाच घरची आहेत.

या घरातून पश्चिमेकडे सर्वांत आधी निघाले ते महाळुंग. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रीक पंडित थिओफ्रॅस्टस याने आपल्या वनस्पतिग्रंथात त्याचे वर्णन ‘मीडियाचे किंवा इराणचे सफरचंद’ अशा नावाने केले आहे. खावयास फारसे उपयोगी नसलेले हे फळ गंधामुळे आणि पावित्र्यामुळे मान पावले. ज्यू लोक आपल्या मंडपांच्या सणात ते हाती धरून प्रार्थना करतात. इकडे कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातीही महाळुंगच आहे. दोन भिन्न धर्मांनी, एकमेकांना न विचारता, एकच सुगंधी फळ पूजेसाठी निवडावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

नारिंग आणि लिंबू ही फळे युरोपास दिली ती मुख्यतः अरबांनी. इसवी सन 827 मध्ये अरब सैन्य सिसिली बेटावर उतरले आणि 831 मध्ये पालेर्मो शहर त्यांच्या हाती आले. तलवारीपाठोपाठ तेथे नांगर आला, आणि नांगरापाठोपाठ रहाट. कोरड्या उन्हाळ्याच्या त्या बेटावर पाणी साठविण्याची आणि खेळविण्याची विद्या अरबांनी रुजविली. 1072 साली नॉर्मन लोकांनी पालेर्मो जिंकले. पण नव्या ख्रिस्ती राजांनी जुने माळी आणि जुने पाट मोडले नाहीत. पालेर्मोतील साधू योहानाच्या प्राचीन मठात आजही तांबड्या घुमटांखाली, पडक्या ओवरीच्या चौकात, नारिंगाची झाडे उभी आहेत. राज्य बदलले तरी बाग राखावयाची असते, एवढे शहाणपण त्या विजेत्यांपाशी होते.

शब्दांनीही हा प्रवास जपून ठेवला आहे. संस्कृतातील ‘नारंग’ फारसीत ‘नारंग’ राहिला, अरबीत ‘नारंज’ झाला, स्पॅनिश भाषेत ‘नारांखा’, इटालियनमध्ये ‘अरांचा’ आणि फ्रेंच-इंग्रजीत ‘ऑरेंज’ झाला. सिसिलीचे शेतकरी या झाडाच्या फुलाला ‘झागारा’ म्हणतात; हा शब्द फुलासाठी असलेल्या अरबी शब्दावरून आला. पाण्याच्या हौदाला ते ‘जेब्बिया’ म्हणतात आणि पाटाला ‘साइया’. हे दोन्ही शब्द अरबीच. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत गोड नारिंग युरोपात पसरले, त्यात पोर्तुगीज दर्यावर्दींचा मोठा वाटा होता. मग उलट गंमत झाली. ग्रीकांनी त्या गोड फळाला ‘पोर्तोकाली’ म्हटले, तुर्कांनी ‘पोर्तकाल’ आणि अरबांनी ‘बुर्तुकाल’. पूर्वेचे नाव पश्चिमेस गेले होते; पश्चिमेच्या एका देशाचे नाव आता पूर्वेकडे आले.

आपल्याकडचे ‘संत्रे’ हे नाव पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून पडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण बाबर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांचे वर्णन करताना ‘संगतरा’ या फळाचा उल्लेख केला आहे, आणि बाबर 1530 साली मरण पावला. उत्तर हिंदुस्थानात हे नाव इतक्या लवकर रूढ असेल, तर ते सिंत्र्याहून आले असणे कठीण दिसते.

नागपुरी संत्र्याची कथा याहून पुष्कळ अलीकडची. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील रघूजीराजांनी औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, संत्र्याची रोपे आणविली, असे परंपरा सांगते. राजाच्या बागेतून हे झाड रयतेच्या शेतात उतरले आणि काळ्या जमिनीत, विहिरीच्या पाण्यावर, काटोल, वरुड, मोर्शी, सावनेर, सौंसर, पांढुर्णा असे पसरत गेले. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि सौंसरचा मराठी मुलूख छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कागदावर रेषा अशा फिरत राहिल्या. पण जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधावयाची रीत रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच राहिली. शेंदूरजना घाटच्या पन्हेरीतील कलमांना सरहद्द ठाऊक नसते.

संत्र्याची भूमध्य सागराशी भेट झाली तीही आडवाटेने. 1805 साली अब्राहम ह्यूम या इंग्रज गृहस्थाने चीनमधील कँटनहून संत्र्याच्या दोन जाती इंग्लंडात आणविल्या. तेथून हे झाड माल्टा बेटावर गेले आणि माल्टाहून सिसिली व इटलीत. म्हणजे सिसिलीत संत्रे पोहोचण्याआधीच नागपूरच्या भोसल्यांच्या मुलखात ते फळत होते. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अल्जीरियातील मिसर्गिन गावी, क्लेमां रोदिए नावाच्या कॅथलिक धर्मबंधूंच्या देखरेखीखालील बागेत, संत्रे आणि गोड नारिंग यांच्या संकराचे एक नवे झाड आढळले. त्या फळाला त्यांच्याच नावावरून ‘क्लेमेंटाइन’ म्हणतात. कॉर्सिका बेटाने ते आपलेसे केले, आणि 2007 साली तेथील क्लेमेंटाइनला युरोपात भौगोलिक मानांकन मिळाले. नागपुरी संत्र्याला ते आपल्या देशात 2014 साली मिळाले. दूरचे दोन चुलतभाऊ सात वर्षांच्या अंतराने आपापल्या गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

साम्य केवळ फळात नाही, कामातही आहे. सौंसरचा बागवान अंबिया बहार धरण्यासाठी थंडीत झाडांचे पाणी तोडतो; पाने मलूल होईपर्यंत ताण देतो आणि मग आळ्यांत भरपूर पाणी सोडतो. उपाशी झाड पाणी मिळताच फुलांनी भरून येते. सिसिलीचा लिंबूवालाही हेच करतो. तो जून-जुलैत पाणी बंद करतो, झाडाला सुकू देतो, आणि नंतर पाणी सोडून ऐन उन्हाळ्याच्या शेवटी अवेळी बहार आणतो. त्याची हिरवी लिंबे पुढल्या उन्हाळ्यात, बाजारात टंचाई असताना, चांगला भाव खातात. झाडाला किती तहान सोसेल आणि कोठे थांबावे, हे ज्ञान दोन्ही ठिकाणी पुस्तकापेक्षा बापाकडून मुलाकडे आले आहे.

बागेबाहेर पडून रानाकडे वळावे, तर तेथे तहानेचे हेच गणित निसर्गाने मांडलेले दिसते. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून तेथील रानफुलांचा हंगाम फेब्रुवारी ते मे. सिसिलीत अग्रिजेंतोच्या ग्रीक देवळांभोवती आधी बदाम फुलतो. क्रीटमध्ये रानट्युलिप, ॲनिमोनी आणि माशीसारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या ऑर्किड उमलतात. जून येताच सारे गवत पिवळे पडते आणि कंद जमिनीखाली झोपी जातात. आपल्याकडे पाऊस आषाढ-श्रावणात. म्हणून कळलावी आणि कुरडू पावसाळ्यात येतात, आणि कळलावीचा कंद उन्हाळाभर मातीत दडून राहतो. पळस मात्र मुळे खोल रोवून, पाने गाळून, भर कोरड्या ऋतूत फुलतो. पाण्याची टंचाई सर्वत्र आहे. ती निभावण्याची रीत ज्याची त्याची निराळी.

क्रीटच्या कड्यांवर डिटनी नावाची एक सुगंधी वनस्पती उगवते. बाण लागलेल्या रानबकऱ्या ती खातात आणि बाण गळून पडतो, अशी समजूत प्राचीन ग्रीकांत होती. प्रियेसाठी ती आणावयास तरुण कडे चढत, म्हणून तिला प्रेमाचे झुडूप असेही म्हणतात. औषधासाठी ती इतकी खुडली गेली, की रानात ती दुर्मीळ झाली. आता क्रीटचे शेतकरी ती वाफ्यांत लावतात. रानाचे जे आहे ते रानात राहावयाचे, तर कधी कधी शेताने त्याचा भार उचलावा लागतो.

आता या सहलीतील एका दुःखद मुक्कामाकडे वळणे भाग आहे. पालेर्मोभोवतीच्या सपाट खोऱ्याला, तेथील लिंबा-नारिंगांच्या बागांमुळे, ‘सोन्याचे खोरे’ असे नाव पडले होते. स्कर्व्ही रोगावर उपाय म्हणून 1795 पासून ब्रिटिश आरमाराने खलाशांना लिंबाचा रस देणे सुरू केले, आणि पुढे सिसिलीच्या लिंबांना सागरापारची मागणी आली. पैसा आला, तशी पाण्याच्या पाळीवरून आणि बागेच्या राखणीवरून दंडेली आली. सिसिलीतील कुप्रसिद्ध माफियाची मुळे पुष्कळ इतिहासकार याच बागांत शोधतात. तरीही बागा टिकल्या होत्या. पण दुसऱ्या महायुद्धानंतर, 1950 ते 1980 या दशकांत, शहर फोफावले, आणि पुढारी, ठेकेदार व गुंड यांच्या संगनमताने त्या बागांवर सिमेंटचे मजले चढले. हजार वर्षे जे पाट वाहिले, ते एका पिढीत बुजले.

याउलट उदाहरणेही आहेत. अग्रिजेंतोच्या देवळांपाशी कोलिंबेत्रा नावाची सुमारे पाच हेक्टरांची जुनी बाग झुडपांनी गिळली होती. 1999 साली इटलीतील एका लोकसंस्थेने ती हाती घेतली, प्राचीन भुयारी पाट साफ केले, नारिंगांना पाणी दिले आणि लोकांना ती खुली केली. खडकाळ माल्टात तर मातीच इतकी मोलाची, की 1973 च्या कायद्याने सुपीक माती इमारतीच्या पायाखाली गाडण्यास मनाई आहे. ती उचलून दुसऱ्या शेतात नेली पाहिजे. ज्यांच्यापाशी थोडे असते, त्यांना त्याची किंमत कळते.

सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्यांवर माफियाचे संकट नाही. पण संकटे आहेत. कोळशीने पाने काळवंडतात, डिंक्याने बुंधा झिरपतो, फळगळीने हाती आलेला बहार मातीत जातो. व्यापारी बाग उक्ती घेतो तेव्हा भाव त्याचा, आणि गारपीट झाली तर नुकसान कास्तकाराचे. सर्वांत मोठी चिंता पाण्याची. पूर्वी मोटेच्या विहिरीवर ज्या बागा जगत, त्या आता कूपनलिकांवर जगतात. वरुड-मोर्शीकडे पाणी वर्षानुवर्षे खोल गेले. कलम लाविल्यापासून पहिले फळ हाती येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. कुऱ्हाडीला एक दिवस पुरतो. म्हणूनच ज्याची बाग एकदा तुटली, तो पुन्हा लावावयास धजत नाही.

संत्रे हे आपलेच झाड, असे लोधीखेड्याचा शेतकरी म्हणेल, आणि सिसिलीचा शेतकरीही म्हणेल. इतिहास दोघांनाही सांगेल, की ते झाड दोघांकडेही पाहुणे म्हणून आले. पाहुणा कोठून आला, याचा अभिमान मिरविण्यात फारसा अर्थ नाही. ज्याने त्याला पाणी दिले आणि कठीण वर्षातही देत राहिला, त्याच्या घरचा तो झाला. या माघातही लोधीखेड्याच्या बांधावर तो गंध येईल. पुढल्या पिढीलाही तो यावा, एवढ्यासाठी विहिरीत पाणी राहिले पाहिजे, आणि ते पाणी ज्या डोंगरावरून झिरपत येते, त्या डोंगरावर पळसही राहिला पाहिजे.