खत पेरायचं का फोकायचं

बीड जिल्ह्यातल्या आमच्या पालीला बिंदुसरेचं धरण आहे, पण भात नाही. ज्वारी, बाजरी, कापूस ही आमची पिकं. भात ते रायगडातल्या पालीला, बल्लाळेश्वराच्या. नाव एक, रान निराळं. खताच्या बाबतीत मात्र दोन्हीकडं एकच गोष्ट घडली.

आमची पेरणी तिफणीची. चाड्यावर मूठ धरायची, नळ्यातून बी तासात पडायचं. 1964 ला सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली. पाठोपाठ ट्रॉम्ब्याचा खतकारखाना सुरू झाला, अन् पोती खेड्यात दिसायला लागली. तवा दोन चाड्यांची पाभर निघाली. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत. खत बियाच्या जरा खाली, बाजूला. बी जळत नव्हतं अन् मूळ वाढलं की खत हाताशी. पण चाड्यावर दोन माणसं लागायची. पुढं युरिया स्वस्त अन् माणूस महाग झाला, मग टोपल्यातून फोकायचीच रीत पडली. चुनखडीच्या काळ्या रानात वर पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. पैसा हवेत जातो, दिसत नाही म्हणून कुणी रडत नाही.

भातखाचरात नुकसान जास्तच. साचलेल्या पाण्यात युरिया फेकला की काही अमोनिया होऊन जातो, काही पाण्याबरोबर बांधावरून वाहतो. चिखलाच्या वरच्या पातळ थराला हवा मिळते, तिथं त्याचा नायट्रेट होतो. तो खाली उतरला की वायू होऊन सुटतो. त्यातला नायट्रस ऑक्साईड कार्बन डायऑक्साईडच्या अडीचशे पटीहून जास्त उष्णता धरतो. जपानी शास्त्रज्ञांनी हे 1930 च्या दशकातच ओळखलं होतं, खत खोल चिखलात घाला म्हणून.

कोकणात ते आणलं डॉ. नारायण सावंतांनी. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेला हा माणूस. त्यांच्या चारसूत्री भातलागवडीत तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, दोरीवरची नियंत्रित लावणी अन् चौथं सूत्र ब्रिकेटचं. युरिया-डीएपी 60:40 मिसळून दाबलेली 2.7 ग्रॅमची गोळी. लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध, चार बोटं खोल खोचायची. तिथं हवा नाही, म्हणून नत्र अमोनियमच राहतं, मातीला चिकटतं अन् मुळं हळूहळू घेतात. हेक्टरी 170 किलोच्या आसपास गोळ्या पुरतात. कमी खतात तेवढंच, बऱ्याचदा जास्त पीक निघतं. बांगलादेशात यालाच गुटी युरिया म्हणतात.

एक सांगायला पाहिजे. मिथेन हा वायू साचलेल्या चिखलातूनच निघतो. गोळी खोचल्यानं तो थांबत नाही, त्यासाठी मधून मधून पाणी काढावं लागतं. सगळं एकाच गोळीवर ढकलणारे मला पटत नाहीत.

शिवाय एका एकराला पंचवीस हजार गोळ्या. त्या खोचायच्या कुणी? लावणीनं आधीच कंबर मोडलेल्या बायांनीच. पद्धत चांगली असून सगळीकडं पसरली नाही, त्याला हे मोठं कारण. आमच्याकडं आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला खताची पेटी असते, पहिला हप्ता मातीत जातो. महिन्यानंतरचा युरिया मात्र अजून फोकलाच जातो, अन् तो झाकायला मागून कोळपं फिरवावं, तर गावात बैल मोजकेच उरलेत.