मागच्या बाजूची सही

गेली बावीस वर्षे मी बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहतो आहे. नमुन्यातली सही आणि चेकवरची सही जुळली नाही, तर सख्ख्या मामालासुद्धा पैसे देत नाही. असा हा सहीतज्ज्ञ घरातल्या एका फोटोपुढे मात्र सपशेल हरला.

फोटो १९५१ चा. मागे आजोबांनी टाकाने लिहिलेले ‘हिंगोली, जि. परभणी’ एवढेच शिल्लक. (हिंगोली जिल्हा वेगळा झाला १९९९ साली, फोटोला कोणी कळवलेले नाही.) खालची नावे ट्रंकेतल्या ओलीने पुसली. पुढे वडिलांनी ती बॉलपेनने नव्याने लिहिली, तीही कार्बनच्या चार प्रती काढायच्या जोराने! माणसे पाच, नावे चार. आजीच्या मांडीवरच्या मुलीसाठी त्यांनी प्रश्नचिन्ह काढले, आणि ते उलटे होऊन पुढे आजीच्या कपाळावर उठले. तेव्हापासून आजी आमच्याकडे संशयानेच पाहते.

म्हटले, आता टिकाऊ पेन आणायचे. तीन आठवडे मी त्याच उद्योगात होतो. जुनी निळी-काळी शाई घ्यावी, तर तिच्यात लोहाचा क्षार आणि मायफळाचे आम्ल. हवेने ती काळी होते, दस्तऐवजावर शतकभर टिकते, पण कागदच खाते. बॉलपेनचा रंग उजेडाने उडतो. हल्लीच्या प्लॅस्टिक चढवलेल्या फोटोपेपरवर शाई मुरतच नाही. एकावर एक ठेवले की मामांचे नाव मावशीच्या तोंडावर! तिथे रंगकणांच्या शाईचे पेनच हवे, आणि लिहिल्यावर वाळेपर्यंत धीर हवा.

हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या मुलुखात. तेव्हा मी पुस्तकांतून थेट सहाव्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराकडे चौकशी केली. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या कितीतरी फोटोंच्या कोपऱ्यात नाव आणि क्रमांक पांढऱ्या अक्षरांत दिसतात. युक्ती अशी, की लिहायचे ते काचेच्या निगेटिव्हवर. तिथले काळे अक्षर फोटोत पांढरे उमटते. लेपाच्या बाजूने लिहायचे तर अक्षरे उलटी काढावी लागत. म्हणजे सही फोटोवर नव्हेच, फोटोच्या आत! शाई उडायचा प्रश्न नाही. पण आमची निगेटिव्ह कुठली असायला? फोटोवालाही गेला, त्याचे दुकानही गेले.

शेवटी कळले, की आमच्या फोटोसारख्या जुन्या, नुसत्या कागदी पाठीवर सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे मऊ शिसपेन्सिल. शिसे म्हणजे कार्बन; ते उजेडाने उडत नाही, पाण्याने फुटत नाही. कडेला, हलक्या हाताने लिहायचे, बस्स. ज्या पेन्सिलीला बँकेत कवडीची किंमत नाही, तीच इथे पक्की!

ही विद्या घेऊन मी वसमतला आत्याकडे गेलो. आत्या ऐंशीची. फोटो तिने डोळ्यांजवळ धरला. मी पेन्सिलींच्या जाती समजावून सांगू लागलो.

“अरे, ते राहू दे,” आत्या म्हणाली. “ही माझ्या पाठची. दिवाळीआधी तापात गेली. तुझा बाप जन्मायचा होता, त्याला कसं ठाऊक असणार? हिचा एवढाच फोटो.”

मग तिने नाव सांगितले. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत ते घरात कोणी उच्चारलेले मी ऐकले नव्हते.

तीन आठवडे मी पेन निवडत होतो. त्या तीन आठवड्यांत आत्याला काही झाले असते, तर जगातले उत्तमोत्तम पेन घेऊन मी काय लिहिणार होतो? पुन्हा प्रश्नचिन्हच ना?

आत्याच्या नातवाच्या कंपासपेटीतला पेन्सिलीचा तुकडा घेतला आणि नाव लिहिले. खाली आत्याची सही घेतली. नमुना सहीशी ताडून पाहिली नाही. बावीस वर्षांत प्रथमच.