ऊब सुकाणूपर्यंत कशी पोचली

कारभार स्वीकारणाऱ्याबद्दल आपण ‘सुकाणू हाती घेतलं’ असं म्हणतो. मोटारीच्या बाबतीत हे एके काळी अक्षरशः खरं होतं. कार्ल बेंझच्या 1886 च्या तीनचाकीला गोल स्टिअरिंग नव्हतंच. वळवायला होडीसारखा दांडा होता. 1894 च्या पॅरिस ते रुआं शर्यतीत आल्फ्रेड वाशरों यांनी आपल्या पानार गाडीला गोल चाक लावलं आणि पुढे दांडा मागे पडत गेला.

गाड्या उघड्या, वारा बोचरा. म्हणून जाड हातमोजे आले आणि ते ठेवायला खण आला. तो ‘ग्लव्ह बॉक्स’ अजून आहे.

खरं तर हातमोज्यांऐवजी चाकच तापवणं अवघड नव्हतं. वीज वाहिली की तार तापते, हे ज्यूलने 1840 च्या सुमारास मोजून दाखवलं होतं. अल्बर्ट मार्श यांना 1906 मध्ये निकेल-क्रोमियमच्या तारेचं पेटंट मिळालं. टोस्टरमध्ये लाल होते ती हीच जातकुळी. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. स्टिअरिंग फिरतं! फिरत्या वस्तूला तार जोडली की ती पिळवटून तुटणार. हॉर्नपुरती सोय तांब्याच्या कड्यावर घासणाऱ्या पट्टीने भागे. क्षणभर संपर्क तुटला तरी बिघडत नसे.

एअरबॅगला मात्र ते चालणार नव्हतं. 1981 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये चालकासाठी एअरबॅग आली. पुढे अशा गाड्यांत स्टिअरिंगखाली एक चपटी डबी रूढ झाली: क्लॉक स्प्रिंग. ती उघडली तर आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पातळ, चपटी केबल दिसते. चाक एकीकडे फिरवलं की ती आवळते, दुसरीकडे फिरवलं की सैल होते, पण जोड कधीच सुटत नाही. मला या कुळकथेतला सगळ्यांत सुंदर भाग हाच वाटतो. गरम स्टिअरिंगची वीजही आज याच वाटेने जाते.

मागाहून हीटिंग बसवताना नेमकी इथेच गफलत होते. चामड्याखाली तारांची जाळी घातली, तापमानाचा सेन्सर बसवला, की काम झालं असं वाटतं. पण हीटिंगला 100 वॅट लागत असतील, तर 12 व्होल्टवर 8 अँपिअरहून जास्त प्रवाह होतो. हॉर्नच्या बटणाला त्याच्या मानाने किरकोळ प्रवाह पुरतो. साध्या मॉडेलच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये हीटिंगसाठी जाड वाहक नसतील, तर ती डबीच बदलावी लागते. नवी डबी मध्यावर न आणता बसवली, तर पहिल्याच पूर्ण वळणाला केबल तुटू शकते आणि तिच्यासोबत एअरबॅगचा जोडही जाऊ शकतो.

हा थाटमाट आहे असं मला वाटत नाही. बधिर बोटांना स्टिअरिंगची पकड कळत नाही. विजेच्या गाडीत तर सगळी केबिन तापवण्यापेक्षा हात आणि पाठ तापवायला फार कमी बॅटरी लागते.

तेव्हा कॅनडात, स्वीडनमध्ये किंवा लडाखच्या थंडीत गाडी चालवणाऱ्यांनी ही सोय जरूर करून घ्यावी, पण एअरबॅगचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडूनच. त्याने आधी बॅटरीची तार काढली का आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटं थांबला का, एवढं जवळ उभं राहून पाहा.