माझ्या शेगडीचं गाव



आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी पूर्वी घाटकोपरलाच, तानसाच्या पाइपलाइनलगत राहायच्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्या हटवल्या आणि २०१७ मध्ये मावशींना घर मिळालं ते माहुलला. तेव्हापासून दोन बस बदलून येतात. गेल्या हिवाळ्यात नातवाच्या बारशाचं आमंत्रण आलं, म्हणून मी पहिल्यांदा माहुल पाहिलं.

बहात्तर इमारती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत आणि रस्त्यापलीकडे रिफायनरीच्या प्रचंड गोल टाक्या. माझ्यासाठी मावशींनी शिरा वेगळ्या पातेल्यात केला होता. खाऊन झाल्यावर त्यांची सून म्हणाली, "जुनं गाव बघायचंय का? खाडीपाशी आहे."

हे जुनं गाव म्हणजे कोळीवाडा. अरुंद गल्ल्या, ओटे, दारात तुळस, वाळत घातलेली जाळी. तुर्भे म्हणजे ट्रॉम्बे हे एके काळी साष्टीला लागून असलेलं वेगळं बेट होतं, त्याच्या कडेचं हे गाव. साष्टीवर १५३४ मध्ये पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठे आले, १७७४ मध्ये इंग्रज. राज्यकर्ते बदलत राहिले, पण खाडी होती तिथेच होती. मोठा बदल झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची रिफायनरी सुरू झाली आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलची. पुढे वीजकेंद्र आलं, खतकारखाना आला. सत्तरच्या दशकात दोन्ही रिफायनऱ्या सरकारी झाल्या. आज त्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम. घरोघरी सिलिंडरमधून गॅस विकायला बर्मा-शेलने सुरुवात केली तीही त्याच सुमारास. 'बर्शेन' हे नाव माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल.

इथे मला आईची आठवण झाली. सांगलीला आमच्याकडे चूल होती. आई प्रत्येक लाकूड जमिनीवर आपटून, किडामुंगी नाही ना हे पाहूनच आत सारायची. पावसाळ्यात तर त्यातच तिची सकाळ जायची. लग्नानंतर मुंबईत गॅसची शेगडी मिळाली तेव्हा मला खरंच वाटलं, आपलं पाप हलकं झालं. गृहस्थाकडून स्वयंपाकपाण्यात होणारी ती आरंभी हिंसा. ती पूर्ण टळत नाही, यत्नाचाराने कमी करायची. बटण फिरवलं की निळी ज्योत, ना लाकूड ना मुंगी. चाळीस वर्षं मी त्याच समाधानात होते.

धक्क्याजवळ टोपल्या घेऊन बसलेल्या एक कोळीणबाई होत्या. मी नकळत नाकाला पदर लावला. त्या हसून म्हणाल्या, "बाय, नाक धरलंस ते म्हावऱ्याला का त्या टाकीला?"

मला सांगता येईना. वास दोन्हींचा होता, आणि घसा खवखवत होता तो काही मासळीने नव्हे. पण पदर मी मासळीसाठी लावला होता, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही.

माहुल आणि अंबापाड्याच्या रहिवाशांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटलं होतं की इथल्या हवेपासून लोकांच्या आरोग्याला धोका आहे. तरी दोन वर्षांनी मावशींसारख्यांना इथेच आणलं! लोक आजारी पडू लागले. 'जीवन बचाव आंदोलन' उभं राहिलं, विद्याविहारला बायका महिनोन्‌महिने रस्त्यावर बसल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा पंधरा हजार रुपये भाडं द्या, असं सांगितलं. मी कॉमर्सची, हिशेब चटकन करते: भाडं दुसऱ्या घराचं मिळेल, पण इथे श्वास घेतला त्या दिवसांचं काय?

ओहोटी लागली होती. चिखलात दूरवर रोहित पक्षी उभे होते. दर हिवाळ्यात येतात आणि उन्हाळा सरता सरता जातात.

मी बाईंना विचारलं, "तुम्हाला दुसरीकडे जायचं नाही?"

"ते इमारतीतले आणलेले, ते जातील. आमची होडी कुठं बांधू, सातव्या माळ्यावर?" असं म्हणून त्यांनी टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि माझ्याकडे पाठ करून गिऱ्हाइकाशी बोलू लागल्या.