आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार

मुख्यत्वे अमेरिकेबाहेर निर्माण झालेल्या उत्कृष्ट दूरचित्रवाणी कार्यक्रमांना देण्यात येणारे पुरस्कार. मूळ एमी पुरस्कारांचा प्रारंभ लॉस अँजेल्स येथे २५ जानेवारी १९४९ रोजी झाला. कॅमेऱ्यातील ‘इमेज ऑर्थिकॉन’ या नलिकेच्या ‘इमी’ ह्या बोलीतील नावावरून ‘एमी’ हे नाव रूढ झाले. हाती अणू धरलेली पंखयुक्त स्त्री हे त्याचे मानचिन्ह असून पंख कलेचे, तर अणू विज्ञानाचा निदर्शक होय. इतर देशांतील कार्यक्रमांचे परीक्षण करणारी आंतरराष्ट्रीय अकादमी १९६९ मध्ये स्थापन झाली व १९७३ पासून तिचे पुरस्कार सुरू झाले. त्यांचा समारंभ सामान्यतः नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे होतो.

अमेरिकी एमीच्या इतिहासात गेम ऑफ थ्रोन्स (२०११–१९) या मालिकेने एकूण ५९ पुरस्कार मिळविले. २०२४ मध्ये शोगून या मालिकेस एकाच पर्वासाठी १८ पुरस्कार लाभले. हा उच्चांक ठरला. तीतील बहुतांश संवाद जपानी भाषेत असल्याने परभाषा ही सन्मानाच्या मार्गातील अडचण उरली नाही, हेही त्यातून दिसून आले.

भारतीय दूरचित्रवाणीचा या पुरस्कारांशी आलेला संबंध प्रामुख्याने मुंबईतील व्यवसायाशी निगडित आहे. झी समूहाचे संस्थापक सुभाष चंद्र यांना २०११ मध्ये, तर मालिकानिर्मात्या एकता कपूर यांना २०२३ मध्ये ‘डिरेक्टोरेट’ हा विशेष सन्मान मिळाला. २०१९ मध्ये लस्ट स्टोरीज मधील भूमिकेसाठी राधिका आपटे यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन लाभले. त्यांची जडणघडण पुण्यातील ‘आसक्त’ या नाट्यसंस्थेच्या मराठी रंगभूमीवर झाली होती. त्याच वर्षी मुंबईच्या गुन्हेगारी विश्वावरील सेक्रेड गेम्स ही मालिकाही नामांकित होती. २०२० मध्ये दिल्ली क्राइम ही उत्कृष्ट नाट्यमालिका ठरली. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय मालिका होय. २०२१ मध्ये सीरियस मेन साठी नवाजुद्दीन सिद्दीकी यांना अभिनेत्याचे नामांकन मिळाले. २०२३ मध्ये वीर दास यांच्या लँडिंग या कार्यक्रमास विनोदी विभागाचा पुरस्कार डेरी गर्ल्स या मालिकेसह विभागून देण्यात आला.

या सर्व सन्मानांत एक भेद लक्षणीय आहे. घरोघरी वर्षानुवर्षे पाहिल्या जाणाऱ्या दैनंदिन मालिकांची दखल त्यांच्या प्रवर्तकांच्या कर्तृत्वाद्वारे घेतली गेली. उलट वर उल्लेखिलेली नामांकने व स्पर्धेतील पुरस्कार आंतरजालावरून प्रसारित झालेल्या, मोजक्या भागांच्या कलाकृतींना लाभले. मुंबई दूरदर्शन केंद्राच्या स्थापनेपासून (१९७२) मराठीत मालिका व नाट्यप्रयोग यांची परंपरा निर्माण झाली आहे. प्रादेशिक भाषेतील आशयाला उपशीर्षकांमुळे जागतिक प्रेक्षक मिळू लागल्याने या परंपरेपुढे भाषेचा अडसर पूर्वीइतका राहिलेला नाही. मात्र रोजच्या प्रसारणाची निकड आणि आटोपशीर, रेखीव रचना यांचा मेळ घालणे हेच तिच्यापुढील खरे आव्हान होय.